सेलवर चालणारा कौल

हळदकुंकवाचा चिकटा प्लास्टिकच्या बटणात गेला की तो निघता निघत नाही. बटणाच्या कडेला केसाएवढी फट असते, तिथे तो जाऊन बसतो. त्यावर माणसांच्या बोटांचा घाम, नारळाचं पाणी, उदबत्तीची राख, आणि मग हे सगळं मिळून काळं, आंबूस वास मारणारं काहीतरी तयार होतं. मी ते टाचणीने उकरून काढायचे. दुकान उघडलं की माझं पहिलं काम ते. ऐंशीच्या दशकाचं शेपूट तेवढं उरलं होतं, मी बी. ए. झाले होते, आणि रत्नागिरीच्या बाजारपेठेत, एका घड्याळ-रेडिओच्या दुकानात, जपानी खेळण्याच्या बटणांतला देवाचा मळ काढत होते. आजही कुणी माझ्यासमोर धंदा वाढवण्याच्या युक्त्या सांगू लागलं की मला तो वास येतो.

दुकानाच्या मालकाला सगळे शेठ म्हणत. मीही तोंडावर 'अहो शेठ' म्हणत होते. आता लिहिताना त्याला एकेरीत लिहिते, तेवढी सूट मी घेतली आहे. त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणायचे. दुकानाच्या मागेच त्यांचं घर, मध्ये फक्त एक फुलाफुलांचा पडदा. वहिनींचं माहेर पावसचं. त्यांचा भाऊ मालवाहू बोटीवर कामाला होता आणि त्यानेच एका खेपेला जपानहून ते खोकं आणलं. बहिणीच्या नवऱ्याच्या दुकानाला हातभार लागावा, एवढाच त्याचा हेतू होता बिचाऱ्याचा.

खोक्यात हातात धरून खेळायचे खेळ होते. तसले खेळ तेव्हा मुंबईहून येत असत, पण त्यात वरून अंडी पडायची नाहीतर चेंडू उडायचा आणि आपण टोपली हलवायची, संपलं. हे वेगळे होते. यात गोष्ट होती. करड्या-हिरव्या काचेवर एक ठिपक्यांचा माणूस आपल्या गावातून निघायचा, दुसऱ्या गावात जायचा, भेटेल त्याच्याशी बोलायचा, कुणी त्याला हत्यार द्यायचं, कुणी वाट सांगायचं, कुणी फसवायचं. लढून लढून त्याची ताकद वाढायची. आपण तो माणूस व्हायचं आणि त्याच्या वतीने ठरवायचं. फक्त हे सगळं बोलणं जपानी अक्षरांत. न वाचता चालत राहिलं तर दुसऱ्या गावातल्या विहिरीपाशी हमखास मरण. शेठने मे महिन्यात आलेल्या चाकरमान्यांना चार-पाच खेळ विकले आणि ते सगळे चार दिवसांत परत आले. एकाने तो काउंटरवर आपटला आणि म्हणाला, "शेठ, ह्ये खेळणं नाय, ह्यो जपानी पेपर हाय."

मग शेठ माझ्याकडे वळला. "तू बी. ए. ना? मग मराठी कर याचं." बी. ए. म्हणजे पोस्टाचा शिक्का, कुठल्याही पाकिटावर मारता येतो, अशी त्याची समजूत होती.

आणि खरं सांगते, मी ते केलं आणि मन लावून केलं. आमच्याकडे दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात. शेठ जेवून घोरत पडायचा आणि मी नि वहिनी मागच्या पडवीत उजेडाला बसून खेळायचो. त्या काचेला आतून दिवा नव्हता, उजेड बाहेरूनच लागायचा. वहिनी सातवी शिकलेल्या, पण खेळात माझ्यापेक्षा शंभर पटीने हुशार. मी अक्षरांचे आकार लक्षात ठेवायचे आणि वहिनी वाटा. कोणत्या आकाराला 'हो' म्हटलं की म्हातारी पाणी देते, कोणत्या आकाराला 'नाही' म्हटलं की पहारेकरी चिडतो, असं मरत मरत शोधायचं. वहिनींचा भाऊ रजेवर आला तेव्हा त्याने दोन शब्द पक्के करून दिले. दोन अक्षरांचा 'हो', तीन अक्षरांचा 'नाही'. त्यांचा 'हो' ऐकायला 'हाय' असा आहे म्हणे. वहिनी खूश झाल्या. म्हणाल्या, "अगो, मग ते आपल्यातलेच की."

खेळाबरोबर द्यायची मराठी पुस्तिका लिहिताना मी त्या गोष्टीला इथलं केलं. राजाला मी खोत केलं, कारण वसुलीला माणसं पाठवण्याशिवाय तो दुसरं काही करतच नव्हता. विहिरीतला राक्षस म्हणजे गिऱ्हा, ज्याच्या नावाने आम्हा सगळ्यांना लहानपणी पाण्यापासून लांब ठेवलं होतं. तलवारीचा कोयता झाला. ताकद परत आणणारं पेय होतं, त्याला मी सोलकढी म्हटलं. गावांची नावं कुणाच्या लक्षात राहीनात, म्हणून पहिल्या गावाला जवळचं पावस आणि शेवटच्याला पार उत्तरेकडची केळशी अशी नावं दिली. म्हणजे कुठून निघायचं आणि कुठवर जायचं ते कुणालाही विचारावं लागू नये. नावं बदलली, कपडे बदलले, पण अर्थ एका ठिकाणीही बदलला नाही. खेळातला माणूस 'नको' म्हणत असेल तर माझ्या मराठीतही 'नको'च म्हणत होता. त्याबद्दल मी फार कडक होते. मला त्याचा अभिमानही होता, उगाच नम्रपणा कशाला करू.

त्या पुस्तिकेत एक ओळ अशी होती. गोष्टीतल्या पहिल्याच गावात एक लहानसं देऊळ असतं, तिथे एक म्हातारा बसलेला. निघण्याआधी त्याला विचारलं की वाट बरी आहे का, तर तो हातातलं काहीतरी खुळखुळवतो आणि काचेवर 'हो' किंवा 'नाही' उमटतं. त्याला काही आधार नव्हता. यंत्राला वाटेल ते यायचं. खेळणाऱ्याच्या मनात थोडी धाकधूक व्हावी एवढ्यासाठी ते ठेवलेलं. मी लिहिलं, 'इथे गुरव कौल देतो.'

घाटावरच्यांसाठी सांगायला हवं. आमच्या देवळांत देवाला प्रश्न विचारतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो, जमलेली माणसं 'होय महाराजा' म्हणतात. मग उजवीकडची पाकळी पडली तर देवाने होकार दिला, डावीकडची पडली तर नकार. उजवा कौल आणि डावा कौल. लग्न, जमीन, विहीर कुठे खणायची, मुलाला बोटीवर पाठवायचं की नाही, सगळं. त्यात माझी श्रद्धा फारशी नाही, पण त्यात एक सभ्यपणा आहे हे मला माहीत होतं. तासन् तास बसावं लागतं. पाकळी पडेपर्यंत माणूस आपल्या प्रश्नाबरोबर गप्प राहतो.

शेठने पुस्तिका चाळली, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि पुन्हा वाचली. "बाकीचं मरू दे," तो म्हणाला.

आठवड्याभरात सिनेमाच्या मध्यंतरात स्लाईड झळकली. रिक्षावर कर्णा बांधून गोखले नाक्यापासून मांडवीपर्यंत ओरडणं सुरू झालं. दुकानावर पाटी लागली, 'जपानी कौल, झटपट आणि बिनचूक'. एक खेळ त्याने लाल कापड घातलेल्या पाटावर मांडला. शेजारी उदबत्ती, नारळ, हळदकुंकू. देवाचा फोटो मात्र लावला नाही. देवाला तो भीत होता. आणि गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की हा माणूस, ज्याने आयुष्यात देवळाची पायरी फक्त वर्गणीची पावती घ्यायला चढली, डोळे मिटून गाऱ्हाणं घालायचा. "बा म्हाराजा, ह्यो तुजा लेकरू आज तुज्या दारात उभा हाय, त्याच्या मनातला तिडा सोडव..." मग माझ्याकडे एक डोळा उघडून बघायचा. मी 'होय महाराजा' म्हणायचं होतं. पहिल्या दिवशी मी म्हटलं नाही. रात्री हिशेब मिटवताना तो म्हणाला, "पगार घेताना तोंड उघडतेस ना?" दुसऱ्या दिवसापासून मी ओठ हलवायला लागले.

बटण मी दाबायचं आणि अक्षरं मी वाचायची. दोन दिसली तर उजवा, तीन दिसली तर डावा. काच एवढीशी, उजेड कमी, आणि जपानी अक्षर कुणाला कळणार? गिऱ्हाईक काचेकडे बघतच नसे, माझ्या तोंडाकडे बघे.

कोण यायचं म्हणाल, तर सगळे. कोर्टातला कारकून बढतीसाठी आला. कॉलेजात मला शिकवलेले एक प्राध्यापक बदलीसाठी आले, आणि मला बघून म्हणाले, "गंमत म्हणून हो." गंमत म्हणून आलेल्या माणसाच्या वरच्या ओठावर घाम येत नाही. त्यांच्या आला होता. बागायतदार यायचे, यंदा मोहोर टिकेल का. बायका यायच्या, मुंबईहून पत्र नाही. त्यांना मी तीन अक्षरं वाचून 'डावा' सांगितलं की त्या मान हलवून, पदर सावरून, पाटाला नमस्कार करून जायच्या. तेव्हा मला शेठच्या अंगावर ओकावंसं वाटायचं. मी सोडून का गेले नाही, तर दुपारच्या त्या पडवीसाठी. वहिनी तोपर्यंत केळशीच्या आधीच्या डोंगरापर्यंत पोचल्या होत्या आणि आम्हा दोघींना तो डोंगर चढायचा होता.

श्रावणातली एक दुपार. वहिनी डाव्या कुशीवर आडव्या होऊन खेळत होत्या, डावा डोळा उशीत बुडालेला. एकदम म्हणाल्या, "ह्याची काच गेली गो. एका बाजूला काळं पडलं मेलं." मी घेऊन बघितलं, काच स्वच्छ होती. परत दिली तर पुन्हा काळं. मी खोक्यातला दुसरा खेळ काढून दिला. त्यातही काळं. मग त्यांनी तो खाली ठेवला, उठून बसल्या, डावा डोळा तळहाताने झाकला आणि माझ्याकडे बघितलं. "तुझा पण अर्धा चेहरा नाय दिसत," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. त्यांनी बघितलं आणि तिथल्या तिथे सांगितलं की डोळ्याच्या आतला पडदा सुटत चालला आहे, मिरजेला न्या, आठ दिवसांच्या आत ऑपरेशन झालं पाहिजे, नाहीतर डोळा गेला. मी घरी येऊन शेठला शब्दन् शब्द सांगितला. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. गणपती बारा दिवसांवर आले होते. चाकरमानी गावी येणार, बाजार फुलणार, वर्षाचा मोठा धंदा. 

बोलला तो दुसऱ्या दिवशी, भरल्या दुकानात. कुणीतरी आपुलकीने विचारलं, "शेठ, वहिनींच्या डोळ्याचं काय?" आणि शेठने हात जोडले. "माझ्या घरचं पान म्हाराजाच्या कौलाशिवाय हलत नाय," तो म्हणाला. पाटासमोर येऊन बसला. गाऱ्हाणं घातलं. मिरजेला न्यावं की न न्यावं. मला खूण केली. मी बटण दाबलं.

दोन अक्षरं. मी म्हटलं, "उजवा." मला इतका आनंद झाला की आवाज चिरकला.

शेठ हसला. "तीनदा विचारायचा असतो," तो सगळ्यांना म्हणाला. असं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. मी पुन्हा दाबलं. तीन अक्षरं, डावा. पुन्हा दाबलं. दोन, उजवा. तिनांत दोन उजवे. मला वाटलं, झालं. पण त्याने माझा हात बाजूला केला आणि म्हणाला, "म्हाराजा आज साफ बोलत नाय." मग स्वतः दाबू लागला. कुंकवाने लाल झालेलं जाडं बोट त्या एवढ्याशा बटणावर, टक, टक, टक. मी वाचत होते, त्याने सांगितलं नसतं तरी वाचलं असतं. उजवा. डावा. उजवा. डावा. डावा. दोन डावे लागोपाठ आले तसा तो थांबला. तोंडावर असा सुटल्याचा भाव, जणू जुलाब थांबले. "गणपती झाल्यावर बघू," तो म्हणाला. "तिच्याच भल्याचं असेल." आणि ती सगळी माणसं, ज्यांना दोन डोळे होते, ती म्हणाली, "होय महाराजा."

मी पुष्कळ विचार केला आहे, त्याचा त्या यंत्रावर कधी विश्वास बसला होता का. नाही बसला. ज्याचा विश्वास असतो तो एकदाच विचारतो आणि घाबरतो. याला हवं ते मिळेपर्यंत दाबायचं होतं, तेही लोकांसमोर, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवू नये. त्याच्याइतका किळसवाणा माणूस मी नंतरही पाहिला नाही, आणि नंतर मी बरीच माणसं पाहिली.

वहिनी पडद्यामागे चहा करत होत्या. सगळ्यांना त्यांनीच चहा आणून दिला, शेठलाही. दुपारी पडवीत त्यांनी मला एवढंच विचारलं, "पहिल्यांदा उजवा आलेला ना गो?"

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि भांडी विसळायला गेल्या. त्या दिवसापासून त्या खेळाला त्यांनी हात लावला नाही.

गणपती झाले, धंदा झाला, डोळा गेला. मी पुन्हा त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेले तेव्हा ते माझ्यावरच ओरडले. मग दुसरा डोळा तपासला आणि त्यांचा आवाज खाली आला. त्या डोळ्यातला पडदाही विरत चालला आहे, त्याचा आत्ताच बंदोबस्त केला तर वाचेल, एकही दिवस घालवू नका. शेठला सांगितलं. तो म्हणाला, "दसरा तोंडावर आलाय. कौल लावून बघतो." हे तो माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, न लाजता.

वहिनींचा भाऊ तेव्हा रजेवर पावसला आला होता. उठून तडक त्याच्याकडे जाता आलं असतं, आणि मी ते सुचवलंही. वहिनी म्हणाल्या, "नुसती गेले तर उद्या हा पावसपर्यंत कर्णा फिरवील, बायको कौल न घेता पळाली म्हणून. माझा भाऊ देवाला मानणारा. तोच मला परत आणून सोडील." त्यांना नवऱ्याची आणि भावाची, दोघांचीही पक्की माहिती होती.

बाजाराचा दिवस होता. दुकान भरलेलं. पडदा सरकला आणि वहिनी बाहेर आल्या, नेसूचं नीट, हातात पिशवी. सरळ पाटासमोर बसल्या. शेठ म्हणाला, "आत जा, गिऱ्हाइकं आहेत." त्या म्हणाल्या, "मी पण गिऱ्हाईकच." माणसं हसली, आणि माणसं हसली म्हणून शेठलाही हसावं लागलं.

गाऱ्हाणं त्यांनी स्वतःच घातलं. मोठ्याने, माहेरच्या सुरात, एकही शब्द न अडखळता. "बा म्हाराजा, माझा एक डोळा तू घेतलास. दुसरा वाचवायला भावाच्या घरी जाऊन मिरजेला जाऊ काय नको, एवढंच सांग. मी एकदाच विचारणार हाय. परत नाय विचारणार." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बटण दाबलं.

काचेवर अक्षरं उमटली. तीन.

शेठ माझ्या खांद्यावरून वाकला होता. तीन अक्षरं ओळखण्याइतकं जपानी त्यालाही येत होतं. त्याचा श्वास माझ्या मानेवर सुटला, तंबाखूचा, गरम, समाधानाचा. वहिनीही बघत होत्या, उरलेल्या डोळ्याने, काचेपासून हातभर अंतरावरून. शेठ सरळ झाला आणि प्रेमळ आवाजात म्हणाला, "वाच गो. सांग सगळ्यांना." त्याला माझी खात्री होती. मी कधीही खोटं वाचलं नव्हतं, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"उजवा," मी म्हटलं.

"नीट बघ."

"शेठ, अक्षरं मला वाचता येतात."

त्याने तोंड उघडलं. समोर माणसं उभी होती, माझ्या वाचण्यावर ज्यांनी लग्नं मोडली होती आणि जमिनी विकल्या होत्या. ही पोरगी चुकीचं वाचते असं तो म्हणाला असता तर त्यातला प्रत्येकजण आपला प्रश्न परत मागायला आला असता. त्याने तोंड मिटलं. आणि मागून कुणीतरी म्हातारीने, कुणी न सांगता, म्हटलं, "होय महाराजा." मग सगळं दुकान म्हणालं. त्या दिवशी मीही म्हटलं, पहिल्यांदाच, पूर्ण आवाजात.

वहिनींनी पिशवी उचलली आणि त्या पावसच्या एस. टी. ला निघाल्या. पुढचं गिऱ्हाईक पाटाकडे सरकलं, तेव्हा मी यंत्रातले सेल काढून काउंटरवर ठेवले आणि पायात चपला घातल्या. त्या दुकानाची पायरी मी पुन्हा चढले नाही.

थंडीत मी पावसला त्यांना भेटायला गेले. भावाच्या आगरात नारळ सोलणं चाललं होतं. वहिनी ओटीवर बसून तांदूळ निवडत होत्या. ऑपरेशनला दोन महिने होऊन गेले होते आणि डाव्या डोळ्याने त्या बारीकातला खडा टिपत होत्या. आम्ही इकडचं तिकडचं बोललो, चहा झाला. मी निघताना त्यांनी सूप खाली ठेवलं.

"एक विचारू? त्या दिवशी तीन होती ना गो?"

"हो. तीन होती."

त्यांनी सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. मग म्हणाल्या, "इतके दिवस मला वाटत होतं, तेव्हा हा पण डोळा जायला लागलेला. मला दोनाची तीन दिसली."

मी म्हटलं, "नाही वहिनी. तुम्हाला अगदी बरोबर दिसलं होतं."